ड्राय फॉल्स: पाणी नसलेला धबधबा पाहायला पहिल्यांदा जाताना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी घरी पाहुणे आले की फिरण्याची यादी ठरलेली असते. माउंट रेनिअर, स्नोक्वाल्मी धबधबा, लेव्हनवर्थ आणि एप्रिल असेल तर स्कॅगिट खोऱ्यातले ट्युलिप. कॅस्केड पर्वतरांग ओलांडून पूर्वेला जाणारे थोडेच, आणि जातात तेही बहुतेक थेट स्पोकेन गाठायला. मधल्या कोरड्या, तपकिरी मुलखात पाहण्यासारखं काही नाही असा समज पक्का बसलेला आहे. त्याच मुलखात, सिएटलपासून गाडीने साधारण तीन तासांवर, ड्राय फॉल्स आहे. साडेपाच किलोमीटर रुंद आणि सुमारे १२० मीटर उंच असा हा धबधब्याचा कडा. नायगाराची उंची याच्या निम्म्याहून कमी आणि रुंदी एक तृतीयांशाहून कमी. फक्त या कड्यावरून आज पाणी पडत नाही. हिमयुग सरताना जे महापूर इथून गेले, त्यांनी हा कडा कोरला आणि पूर थांबल्यावर तो तसाच उभा राहिला.

इथे बरेच जण चुकतमाकत पोचतात, हायवेवरच्या निरीक्षणस्थळी गाडी लावतात, दहा मिनिटांत फोटो काढतात आणि निघतात. असं करू नका, एवढ्यासाठी हा लेख. ही जागा क्रमाने पाहायची असते. दक्षिणेकडून उत्तरेकडे गाडी न्यायची, वाटेत थांबे घ्यायचे, मग कड्यावरून पाहायचं आणि शेवटी तळाला उतरायचं. या क्रमामागे कारण आहे, आणि ते कळलं की समोरचं सगळं वाचता येऊ लागतं.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

गोष्ट दोन टप्प्यांत घडली. पहिला टप्पा लाव्ह्याचा. साधारण १ कोटी ७० लाख ते ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला. एकावर एक असे ३०० हून अधिक थर साचले आणि काळ्या पाषाणाचं अफाट पठार तयार झालं. आपण मराठी माणसं अशाच पाषाणावर वाढलो आहोत. दख्खनचं पठार याहून खूप जुनं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, आणि विस्तारानेही मोठं. पण खडक तोच, बेसॉल्ट. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथले उभे षट्कोनी खांब ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब तयार होतात. हे खांब लक्षात ठेवा, पुढे त्यांचं मोठं काम आहे.

दुसरा टप्पा पाण्याचा. हिमयुगात कॅनडाकडून आलेल्या हिमस्तराचा एक फाटा आयडाहोच्या उत्तर भागात क्लार्क फोर्क नदीच्या आडवा आला. नदी अडली. मागे, आजच्या माँटाना राज्यात, प्रचंड तलाव साचला. भूशास्त्रज्ञ त्याला लेक मिझूला म्हणतात. बर्फाच्या त्या बांधापाशी पाणी सुमारे ६०० मीटर खोल होतं. आजच्या ईरी आणि ऑन्टारिओ या दोन महासरोवरांत मिळून जेवढं पाणी आहे, साधारण तेवढा त्याचा साठा. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बर्फाचा बांध फार उंच पाणी पेलू शकत नाही. तो फुटला आणि अख्खा तलाव दोन-तीन दिवसांत रिकामा झाला असावा, असा अंदाज आहे. मग बर्फ पुन्हा पुढे सरकला, पुन्हा बांध, पुन्हा तलाव, पुन्हा पूर. साधारण १८ हजार ते १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात असं कित्येकदा झालं. चाळीस वेळा तरी, कदाचित त्याहून बरंच जास्त.

ते पाणी कोलंबिया नदीच्या पात्रातून मुकाट्याने गेलं असतं, पण हिमस्तराच्या दुसऱ्या एका फाट्याने ते पात्रही अडवलं होतं. म्हणून पाणी पठारावर चढलं आणि दक्षिणेकडे सुटलं. त्याने कोरलेली सर्वांत मोठी घळ म्हणजे ग्रँड कूली. तिचे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा. दोन्हींच्या सांध्याजवळ ड्राय फॉल्स.

आता ते खांब. नेहमीची नदी खडक झिजवते, कण कण करून. इथे पाण्याचा जोर एवढा होता की त्याने पाषाणाचे खांबच्या खांब उपटून काढले. कड्याच्या ओठावरचे खांब पडले की ओठ थोडा मागे सरकतो, मग पुढची रांग पडते, ओठ आणखी मागे. असं करत करत धबधबा उगमाच्या दिशेने चालत जातो आणि मागे रिकामी दरी सोडत जातो. आजच्या सोप लेक गावाच्या परिसरातून निघालेला हा धबधबा साधारण ३० किलोमीटर मागे सरकत ड्राय फॉल्सपर्यंत आला. तेवढ्यात पूर संपले. दक्षिणेकडून उत्तरेला गाडी न्या असं मी म्हणतो ते यासाठी. धबधबा ज्या वाटेने मागे सरकला त्याच वाटेने तुम्ही जाता आणि तो जिथे थांबला तिथे तुम्हीही थांबता.

कधी जायचं

एप्रिलचा मध्य ते जूनची सुरुवात हा सर्वांत चांगला काळ. एप्रिल-मे महिन्यांत उतारांवर बाल्समरूटची पिवळीधमक फुलं येतात, सेजब्रश या रानझुडपाचा वास हवेत असतो आणि दुपारी चालता येतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्धही छान असतो, गर्दी कमी होते.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, कधी चाळिशी गाठतो. सिएटलच्या उन्हाळ्याची सवय असलेल्यांना हा चटका अनपेक्षित असतो. कॅस्केडच्या आडोशामुळे इथे वर्षाला जेमतेम २०-२५ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि घळीच्या तळाशी झाडाची सावली म्हणाल तर जवळपास नाहीच. शिवाय त्या दिवसांत वणवे लागतात, धूर पसरतो आणि शेकोटीवर बंदी येते. त्याच दिवसांत जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता आणि वणव्यांची स्थिती दोन्ही पाहा. हिवाळ्यात दृश्य सुंदर असतं, पण स्नोक्वाल्मी खिंडीत बर्फ असतो आणि चाकांना साखळ्या लावायची सक्ती होऊ शकते. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिवाळा टाळावा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. वाटेत जॉर्ज नावाच्या गावाजवळ गॉर्ज अँफिथिएटर आहे. उन्हाळ्यात तिथे मोठा संगीताचा कार्यक्रम असला की आय-९० या महामार्गावर गाड्यांची रांग लागते आणि आसपासच्या मोटेलचे दर चढतात. तारीख ठरवण्याआधी तिथलं वेळापत्रक बघून घ्या.

पास, मुक्काम आणि सामान

हे सन लेक्स-ड्राय फॉल्स नावाचं राज्य उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यान नसल्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. इथे डिस्कव्हर पास लागतो. एका दिवसाचा १० डॉलर आणि वर्षाचा ४५ डॉलर. वर्षाचा दर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ३० वरून वाढला, तेव्हा जुन्या लेखांतला आकडा धरून चालू नका. वर्षातून काही दिवस प्रवेश मोफत असतो. राज्यातली बरीच सार्वजनिक वाचनालयं हा पास पुस्तकासारखा घरी नेऊ देतात, तुमच्या वाचनालयात चौकशी करून पाहा. पास गाडीच्या पुढच्या काचेत दिसेल असा ठेवायचा.

ड्राय फॉल्स एका दिवसात पाहून परत येता येतं, पण सहा तास गाडीत गेल्यावर हाती फार थोडा वेळ उरतो. एक रात्र राहा. उद्यानात तंबूसाठी जागा आहेत, त्यांचं आरक्षण नऊ महिने आधीपासून खुलं होतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. पार्क लेकच्या काठी केबिनही मिळतात. नाहीतर सोप लेक, एफ्राटा किंवा कूली सिटी या गावांत मोटेल आहेत. ही लहान गावं आहेत, रात्री उशिरा पोचून जेवण मिळेल असं गृहीत धरू नका.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी घरून न्यावं हेच उत्तम. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकड्या, खजूर, एवढं असलं की दिवस निघतो. पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टोपी आणि सनस्क्रीन सक्तीचं समजा. बूट घोटे झाकणारे आणि पँट लांब असू द्या. घळीत मोबाइलला रेंज मधूनमधून जाते, तेव्हा नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा.

सकाळी निघा: सिएटल ते सोप लेक

आय-९० ने पूर्वेला. खिंड ओलांडल्यावर क्ले एलमपर्यंत हिरवाई विरळ होत जाते आणि एलेन्सबर्ग आलं की झाडंच संपतात. एलेन्सबर्गला पेट्रोल भरून घ्या. व्हँटेजला कोलंबिया नदीवरचा लांब पूल लागतो. दोन्ही बाजूंचे कडे बघा, त्यातले आडवे थर म्हणजे आपण वर म्हटलेला एकेक लाव्हा. वेळ असेल तर व्हँटेजलाच गिंको अश्मीभूत वन आहे, लाव्ह्याच्या काळात गाडली गेलेली आणि दगड झालेली झाडं तिथे पाहता येतात. मात्र तिथे तासाभराहून जास्त रेंगाळलात तर दिवस आखडतो.

जॉर्जजवळ बाहेर पडायचं आणि एफ्राटामार्गे सोप लेक गाठायचं. तिथून राज्यमार्ग १७ उत्तरेला जातो. पुढचे ३० किलोमीटर हाच आपला रस्ता.

राज्यमार्ग १७: धबधब्याच्या मागोमाग

सोप लेकच्या काठावर पाच मिनिटं उतरा. पाण्यात क्षार इतके आहेत की वारा सुटला की काठावर फेस जमतो, नाव त्यावरूनच पडलं. औषधी पाणी म्हणून इथे अंघोळीला येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. या तळ्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही, फक्त आटतं, म्हणून क्षार साठत गेले. पुरांच्या काळात इथून पाणी घळीबाहेर मोकळ्या मैदानात पसरत होतं.

उत्तरेला निघालात की लगेच घळ आवळते. लेक लिनोर लागतं. पश्चिमेचा कडा पूर्वेच्या कड्याहून उंच आहे याकडे लक्ष द्या. इथे लाव्ह्याच्या थरांना मोठी घडी पडलेली आहे, आणि घडीमुळे खडक तडकलेला असल्याने पाण्याला याच रेषेत घुसणं सोपं गेलं. तळ्यातली छोटी बेटंही तिरक्या थरांची आहेत.

लिनोर तळ्याच्या उत्तरेकडच्या टोकाला लेक लिनोर केव्ह्जची पाटी दिसेल. हा थांबा चुकवू नका. गाडीतळापासून छोटी चढाई, मग कड्याच्या पोटातून जाणारी पायवाट. या गुहा म्हणजे कपारी आहेत. पुराच्या पाण्याने कड्यातले मोकळे खडक खेचून नेले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे हजारो वर्षं शिकारीला आणि कंदमुळांसाठी फिरणाऱ्या माणसांनी त्या निवाऱ्याला वापरल्या. हा सगळा मुलूख मोझेस-कोलंबिया या मूळ रहिवासी जमातीचा. त्यांचे वंशज आज उत्तरेला कोलव्हिल आरक्षित क्षेत्रात राहतात. कपारींत काही खोदू नये, भिंतींवर काही लिहू नये, दगडाचा तुकडाही उचलू नये. तसं करणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करायचं नव्हतं. कपारीच्या तोंडाशी बसून समोरची घळ बघा. तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाणी वाहत होतं. डोक्यावरूनही.

पुढे ब्लू लेक. १९३५ मध्ये या तळ्याजवळच्या कड्यात हिंडणाऱ्यांना खडकात एक पोकळी सापडली आणि तिच्यात हाडं होती. दीड कोटी वर्षांपूर्वीचा एक गेंडा पाण्यात पडलेला असताना लाव्हा आला, पाण्यामुळे लगेच थिजला आणि प्राण्याच्या शरीराचा साचा दगडात राहून गेला. त्या पोकळीपर्यंतची चढण घसरडी आणि उघडी आहे. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सिएटलच्या बर्क संग्रहालयात त्या साच्याची प्रतिकृती आहे, मुलांना तिथेच दाखवा.

ब्लू लेकनंतर पार्क लेक आणि उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार. इथे आत वळायचा मोह होईल. वळू नका, आधी सरळ वर जा.

कड्यावरून: काय पाहायचं

प्रवेशद्वारापासून सुमारे तीन किलोमीटरवर उजव्या हाताला ड्राय फॉल्सचं माहितीकेंद्र आणि निरीक्षणस्थळ. स्वच्छतागृह आहे, गाडीतळापासून चार पावलांवर कठडा. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांनाही इथून पूर्ण दृश्य मिळतं. माहितीकेंद्राच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात ते मोजकेच दिवस उघडं असतं. निरीक्षणस्थळावरून आपण पूर्वेकडे पाहतो, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. दुपारनंतर कड्यांवर छान प्रकाश पडतो.

पहिल्या नजरेला हा धबधबा वाटत नाही. अर्धगोल खोबण्या, त्यांच्या तळाशी हिरवट तळी आणि सगळीकडे काळे उभे कडे, एवढंच दिसतं. तेव्हा असं करा. आधी कड्याची वरची रेषा डावीकडून उजवीकडे डोळ्यांनी चालत जा. घोड्याच्या नालासारखे एकामागून एक बाक दिसतील. प्रत्येक बाक म्हणजे पाण्याचा एक लोट. मग तळाची तळी पाहा. लोट जिथे आदळत होते तिथे खड्डे पडले, तीच ही तळी. आणि उजवीकडे सुळ्यासारखी उभी पातळ भिंत दिसेल, ती उमाटिला रॉक. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी गेलं आणि ती मधे वाचली. साडेपाच किलोमीटरचा सगळा कडा एका नजरेत येत नाही, बराच भाग त्या भिंतीमागे आणि पूर्वेला वळून गेलेला आहे.

आता मनातलं चित्र दुरुस्त करायची वेळ. आपण नायगारासारखं काही कल्पतो: वर पातळ प्रवाह, खाली उंच पडदा. पुराच्या भरात तसं नव्हतं. कड्याच्या वर सुमारे ९० मीटर खोल पाणी होतं आणि ते ताशी १०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावत होतं, असा अंदाज मांडला जातो. खालची घळही पाण्याने तुडुंब होती. तुम्ही त्या वेळी उंचावरून पाहत असता तर पाण्याच्या पाठीवर एक मोठा खळगा आणि उसळी दिसली असती, कडा दिसला नसता. सगळं तोडकाम पाण्याखाली चाललं होतं. उभे भोवरे खांब उपटत होते आणि तळाला खड्डे पाडत होते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना पाषाणात गोल खड्डे कसे पडतात ते ठाऊक आहे. कुकडीने ते गोट्यांनी घासून घासून घडवले. इथे पाण्याच्या भोवऱ्यांनीच खडक ओढून काढला, तोही फार थोड्या काळात.

हे ज्याला सर्वांत आधी उमगलं त्या माणसाबद्दल इथे उभं राहूनच वाचावं. जे हार्लेन ब्रेट्झ हे सिएटलला शाळेत शिकवत होते, पुढे शिकागो विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. उन्हाळ्यामागून उन्हाळे त्यांनी हा मुलूख पायी पालथा घातला आणि १९२३ मध्ये लिहिलं की हे सगळं एका महापुराचं काम आहे. त्या काळी भूशास्त्रज्ञांना संथ, लाखो वर्षं चालणारी झीजच मान्य होती. अचानक आलेला प्रलय म्हटलं की त्यांना पुराणकथेचा वास यायचा. १९२७ मध्ये वॉशिंग्टन डी. सी. मध्ये एका सभेत त्यांना बोलावून नामवंतांनी त्यांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांपैकी बहुतेकांनी ही जागा पाहिलेलीच नव्हती. ब्रेट्झ यांच्यापाशी एका प्रश्नाला उत्तर नव्हतं: एवढं पाणी आलं कुठून? ते उत्तर जोसेफ पार्डी यांच्या कामातून आलं. त्यांनी १९१० मध्येच लेक मिझूलाबद्दल लिहिलं होतं. १९४० च्या सुमारास त्यांनी माँटानातल्या माळावरचे अवाढव्य तरंग दाखवून दिले. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंचीच्या लाटा उमटतात, तशाच, पण कित्येक मीटर उंचीच्या. तलाव अचानक रिकामा झाल्याशिवाय तसे तरंग उठत नाहीत. १९७९ मध्ये ब्रेट्झ यांना अमेरिकेतल्या भूशास्त्राचा सर्वोच्च सन्मान, पेनरोज पदक, मिळालं. तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी केव्हाच ओलांडली होती. मला या जागेची ओढ लागली ती या माणसामुळे. कड्यांकडे बघून, फक्त पाहून आणि चालून, त्याने नाहीसं झालेलं पाणी ओळखलं.

आता खाली उतरा

परत मुख्य प्रवेशद्वाराशी या आणि आत वळा. पार्क लेकच्या काठावर हिरवळ, पोहण्याची जागा, भाड्याच्या होड्या असं सहलीचं वातावरण आहे. लहान मुलं असतील तर इथे दोन तास सहज जातात. होडीत बसताना १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घालावं, पाणी दिसतं त्याहून गार असतं.

उद्यानातला रस्ता पुढे डीप लेककडे जातो. त्यावरून डावीकडे ड्राय फॉल्स लेककडे फाटा फुटतो. हा कच्चा रस्ता आहे, खडबडीत. साध्या सेडान गाडीने शेवटपर्यंत जायची घाई करू नका, अलीकडे मोकळ्या जागी गाडी लावून चालत जा. या बाजूने उमाटिला रॉकला पूर्ण वळसा घालणारी पायवाट आहे, सुमारे आठ किलोमीटर. चढ फारसा नाही, पण सावली कुठेच नाही. सकाळी सातला सुरू केलीत तर दहापर्यंत परत येता. म्हणून ही वाट दुसऱ्या दिवशी पहाटेसाठी ठेवा, पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त ड्राय फॉल्स लेकपर्यंत जा.

तळाशी गेल्यावर मान वर करून पाहिलं की १२० मीटर म्हणजे काय ते समजतं. वर कठड्यावर उभी माणसं ठिपक्याएवढी दिसतात. पायाशी पडलेले खांबांचे तुकडे आणि कड्याच्या पायथ्याचा दगडांचा ढिगारा पुरानंतरचा आहे. थंडीत भेगांमधलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगड सुटतात. हे काम आजही चालू आहे, म्हणून कड्याच्या अगदी खाली बसून डबा उघडू नका. पाकोळ्या भिंतींमधून सुर्रकन जात असतात, खडकांवर मार्मट, म्हणजे खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी, ऊन खात पडलेले असतात. संध्याकाळी कोल्हेकुईसारखा आवाज आला तर तो कायोटी.

डीप लेकच्या टोकाला, पायवाट संपते तिथे, पाषाणात खोल गोल खळगे आहेत. फार कमी लोक तिथवर जातात. मला विचाराल तर उद्यानातली ही सर्वांत देखणी जागा आहे.

जपून राहायच्या गोष्टी

रॅटलस्नेक इथे आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर दगडांच्या फटीत हात घालू नका, पाय टाकण्याआधी पुढे पाहा, कानांत इअरफोन नकोत. खुळखुळ ऐकू आली की थबका, आवाज कुठून येतो ते पाहा आणि सावकाश मागे सरका. चावलाच तर ९११ ला फोन करा, अंग हलवू देऊ नका. जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यांतलं काही करू नका. वसंतात गोचिडी असतात, मुक्कामी आल्यावर मान, काखा आणि गुडघ्यामागे तपासा. कड्यांच्या पायथ्याशी ओलाव्यात पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानांची झुडपं उगवतात, त्यांना हात लावू नका.

कड्यांच्या काठांवर सगळीकडे कठडा नाही आणि वारा अचानक जोर धरतो. मुलांचा हात सोडू नका. ड्रोनला परवानगीशिवाय बंदी आहे. पायवाट सोडून मातीवर चालू नका. ती काळपट, खरबरीत साय म्हणजे शेवाळ-दगडफुलांची जिवंत पापुद्री असते, एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

दुसरा दिवस: वरची घळ

पहाटेची वाट चालून झाली, अंघोळ-नाश्ता झाला, की उत्तरेला कूली सिटीकडे निघा आणि पुढे राज्यमार्ग १५५ ने वरच्या घळीत शिरा. इथेही एक धबधबा होता, खालच्याहून उंच, सुमारे अडीचशे मीटरचा. तोही मागे सरकत गेला, पण तो थांबला नाही. सरकत सरकत थेट कोलंबियाच्या खोऱ्यात घुसला आणि ओठच उरला नाही, धबधबा स्वतःच नाहीसा झाला. मागे राहिली ती ही रुंद, सरळसोट घळ. ड्राय फॉल्स पाहून इथे आलं की दोन्हींतला फरक मनात बसतो.

आज या घळीत बँक्स लेकचं पाणी आहे. ते माणसाने आणलेलं. १९३३ ते १९४२ या काळात बांधलेल्या ग्रँड कूली धरणातून कोलंबियाचं पाणी पंपांनी वर चढवून इथे साठवतात आणि खालच्या कोरड्या पठारावर शेतीला देतात. वाटेत पाहिलेली हिरवी शेतं या पाण्यावरची. याच धरणाने सामन माशांची वरच्या कोलंबियात जाणारी वाट कायमची बंद झाली आणि केटल फॉल्स हे तिथल्या जमातींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मासेमारीचं ठिकाण पाण्याखाली गेलं. धरणाच्या माहितीकेंद्रात जाल तेव्हा हेही लक्षात असू द्या.

बँक्स लेकच्या मधोमध स्टीमबोट रॉक उभा आहे, चहूबाजूंनी कडे असलेलं पाषाणाचं पठार. डिस्कव्हर पास इथेही चालतो. वर जाणारी वाट सुरुवातीला तीव्र आणि सुट्या दगडांची आहे, मग सोपी होते. सह्याद्रीत एखादा गड चढलेल्याला जड जाऊ नये. वर इकडेतिकडे ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले दिसतील, खालच्या पाषाणाशी त्यांचं काही नातं नाही. हिमस्तराने ते उत्तरेकडून आणून टाकले. चढणं जमत नसेल तर तळ्याकाठचं उद्यानही पुरेसं आहे.

परतीची वाट

आल्या रस्त्याने जाऊ नका. कूली सिटीहून महामार्ग २ ने पश्चिमेला निघा. थोड्या वेळाने रस्ता अचानक खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो, ती मोझेस कूली, त्याच पुरांच्या काळातली दुसरी मोठी घळ. एव्हाना तुम्हाला ती पाटी न वाचता ओळखता येईल. पुढे वॉटरव्हिलच्या पठारावर गव्हाची शेतं. हाती दीड-दोन तास असतील तर राज्यमार्ग १७२ ने मॅन्सफिल्डच्या बाजूला वाकडी वाट करा. तिथे शेतांमधे घराएवढे काळे धोंडे बसलेले आहेत, शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात. त्यांतला येगर रॉक अगदी रस्त्याला लागून आहे. मग वॉटरव्हिलहून उतरून कोलंबिया, वेनाची, लेव्हनवर्थ आणि स्टीव्हन्स खिंडीतून घर. रविवारी दुपारी लेव्हनवर्थपासून पुढे गाड्या तुंबतात, म्हणून वेनाचीतच जेवून घ्या आणि पेट्रोलही तिथेच भरा.